अरुंद पूल

माझी मुलगी लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी मोबाइलवर वाहतुकीची चिन्हं पाठ करत होती. एका चिन्हावर तिचं बोट अडलं आणि मला जाफराबादच्या घरातली एक दुपार आठवली.

तेव्हा मी त्याच परीक्षेची तयारी करत होते. खोलीत वेचून आणलेल्या कापसाचा कोंदट वास भरला होता. पुस्तिकेतली नावं हातानं झाकून आई मला विचारत होती. शेजारच्या खाटेवर काका पडून होते. ते जीप चालवायचे. पुलावर झालेल्या अपघातापासून दोन वर्षं त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"हे कशाचं हाय?" आईनं विचारलं. मला येईना.

"पुढं अरुंद पूल हाय," काका स्पष्ट बोलले. आईच्या हातून पुस्तिका पडली. काकांची नजर उघड्या दारावर खिळली होती. "हळू घे. समोरून कोणी तरी येऊन राह्यलंय."

दारात नुसतं ऊन होतं. मी घाबरून परसात पळाले.

त्यानंतर काका कधीच बोलले नाहीत. दिवाळीआधी गेले. पुढं कितीतरी दिवस मी त्या दाराकडे बघत नसे. आता वाटतं, ती दोन वर्षं काका त्या पुलावरच होते, एकटे. त्यांच्याजवळ बसून एवढं तरी विचारायला हवं होतं, "काका, कोण येऊन राह्यलंय?"