भटूच्या डोक्यातलं केमिकल

मानसोपचाराच्या ओपीडीत सिस्टर म्हणून बारा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. चार माणसांत सांगायला घेतले तर लोक आधी हसतात, मग गप्प होतात. म्हणून मी फारसे सांगत नाही. आज भटूचे तेवढे सांगते.

भटू सुरतेतल्या नवागामचा, वय अठ्ठावीस, कापड विणायच्या लूमवर कामाला. घर मूळचं अमळनेरकडचं, म्हणजे माझ्याच मुलखातलं. आईवडील त्याला घेऊन आले तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे सहा महिने घालवून झाले होते. लूमचा खडखडाट कानात बसलाय, असंच सगळ्यांना वाटत होतं. आमच्या गुजराती डॉक्टरांनी विचारलं, कारखाना बंद असतो तेव्हा काय होतं?

भटू म्हणाला, "तेव्हा तर जास्त स्पष्ट ऐकू येतं. दोघं जण माझंच नाव घेतात."

*

डॉक्टरांनी आजार समजावला, मी तो अहिराणीत सांगत गेले. मेंदूत डोपामिन नावाचं केमिकल असतं. कशाकडे लक्ष द्यायचं, हे ठरवायला ते मदत करतं. ते नको तिथे वाढलं की टपरीवर कुणी हसलं तरी आपल्यालाच हसलं असं वाटतं. नसलेले आवाजही ऐकू येतात. सगळं कारण एवढंच नाही, पण गोळी काम करते ती इथे.

भटूच्या आईने, सुमनबाईंनी, त्यातला एकच शब्द धरला. सुरतेत केमिकल म्हणजे कापड रंगवायची डाइंग मिल, आणि भटूचे वडील वामनराव, म्हणजे त्याचे अण्णा, वीस वर्षं डाइंग मिलमध्ये. नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "याना बापनीच घर आणं का ते?"

हे बाहेरून येत नाही, प्रत्येकाच्या मेंदूतच तयार होतं, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. वामनरावांनी मान डोलावली. पण त्या दिवसापासून ते मिलमधून आले की दाराबाहेर कपडे बदलायचे आणि मुलापासून लांब बसून जेवायचे.

*

गोळ्यांनी महिना-दीड महिन्यात आवाज थांबले. मी खूश. भटूने माझ्यासमोर हात धरले, ते थरथरत होते. तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना, म्हणून त्याला लूमवरून काढून घड्या घालायला बसवलं होतं. हात स्थिर ठेवायलाही तेच केमिकल लागतं, आणि गोळी तिथेही ते दाबते. डॉक्टरांनी गोळी बदलली. थरथर गेली, लूम मात्र परत मिळाला नाही.

*

पुढे त्याने गोळ्याच सोडल्या. दोन दिवस बेपत्ता होता. शहराबाहेर इच्छापोरच्या रस्त्यावर अनवाणी चालताना सापडला. पुन्हा सावरल्यावर मी विचारलं, का सोडल्यास रे?

"आवाज गेले ना ताई, तेव्हा कळलं," तो म्हणाला. "घरात माझ्याशी दुसरं कुणी बोलतच नव्हतं."

वामनराव शेजारीच बसले होते.

*

पुढच्या खेपेला बापलेक दोघंच आले. नंबर यायला अवकाश होता. एरवी दिवसात चार शब्द बोलणारे वामनराव बाकावर भटूला चिकटून बसले होते आणि सारखे बोलत होते. मिलमध्ये पहिल्या दिवशी कुठला रंग लागला, गावी कुणाची म्हैस व्याली, भटू लहानपणी कसा झोपायचा. थांबतच नव्हते.

भटू उठून माझ्या टेबलाशी आला आणि हळूच विचारलं, "ताई, अण्णा खरंच बोलताहेत ना?"