दारातलं लाल लुगडं

लढाईच्या दिवसांत बड्या फुहाऱ्यावरच्या बाजारात खोट्या नोटा फार फिरत. माझ्या कापडदुकानाशेजारचा दुसरा कापडवाला दर वाक्याआधी खाकरायचा. त्यानं बैठक घेऊन दुकानदारांत ठरवलं: ठग शिरला की दारात लाल लुगडं टांगायचं, बाकीच्यांनी धावायचं. मी बैठकीला गेलोच नाही. नोटा मला कळतात ना!

एकदा त्यानं लुगडं टांगलं. गिऱ्हाइकं ओढून राहिला, असं समजून मीही भडक लाल टांगलं. तिकडून निसटलेल्या ठगाला मी खुशीत सुटे देत होतो, तेवढ्यात बाजार धावून आला नि ठग सापडला.

“काय नजर आहे, भाऊ!” सगळे म्हणाले.

माझ्या गल्ल्यातली खोटी नोट शेजाऱ्याला दिसली. त्यानं खाकरत गल्ला हळूच लावला. “अच्छा केलं भैया, इशारा दिला.”

तेव्हापासून लोक मलाच नोटा दाखवतात. मी त्या उजेडात धरतो आणि खोटी असली तर शेजारून खाकरणं येतं का, याची वाट बघतो.