नळीत उरलेला थेंब

मालूताई घरत मूळच्या जासईच्या, मिठागरातल्या. मीठ ओढायच्या फळीला चिकटून राहिलेलं मीठसुद्धा त्यांची आई हाताने खरवडून टोपलीत टाकायची. त्या मिठागरावर आता कंटेनर उभे आहेत, पण काही वाया जाऊ द्यायचं नाही ही सवय मालूताईंच्या हातात राहिली. लग्न होऊन त्या सुकापूरला आल्या आणि गेली अकरा वर्षं पनवेलच्या एका लहान संशोधन प्रयोगशाळेत मदतनीस आहेत. भांडी धुणं, बर्फ भरणं, संध्याकाळी टेबल आवरून फ्रीझरला कुलूप लावणं, ही त्यांची कामं.

तिथे मनस्वी नावाची मुलगी एका प्रथिनावर काम करते. रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या अंगावर असणारं हे प्रथिन प्रयोगशाळेसाठी मुद्दाम तयार केलेलं, पावडरीसारखं येतं. मनस्वी ते बर्फावर अलगद विरघळवून इवल्या नळ्यांत वाटते आणि नळ्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवते. एक नळी एकदाच वितळवायची, उरलेलं टाकायचं.

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेचे प्रमुख सत्यजीत सर तिच्या टेबलाशी आले. चाचणीच्या प्लेटवर गडद पिवळा रंग यायला हवा होता, आला होता फिकट.

"तीन महिने हेच चाललंय. या हाताने चहाचा कप तरी न सांडता नेता येतो का?"

"सर, दर वेळी नवीन नळी घेते."

"मग हातच कच्चा. शुक्रवारी तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, लक्षात असू द्या."

सर गेले. मनस्वीचे डोळे भरून आले. बर्फाची बादली घेऊन उभ्या असलेल्या मालूताई हळूच म्हणाल्या, "नवीन नळी म्हंजे काय गो बाय?"

"एकदाही न वितळलेली. वितळलेलं पुन्हा गोठवलं की प्रथिन बिघडतं. म्हणून तर सांगते ना, उरलेलं टाका."

मालूताईंनी बादली खाली ठेवली. सांगितलं होतं खरं, पण थोडीशीच वापरलेली नळी टाकायला हात धजेना. त्या झाकण घट्ट लावून, पुसून, नळी परत त्याच रॅकमध्ये ठेवत आल्या होत्या.

गुपचूप त्या जागी नव्या नळ्यांचा रॅक ठेवला असता तर सोमवारपासून रंग गडद झाला असता. कुणाला कळलंही नसतं. पण शुक्रवार आधी येणार होता.

"बाय, तुजा हात बरोबर हाय. माजा चुकला."

सगळं ऐकून मनस्वीने हातमोजे काढून टेबलावर टाकले. मग म्हणाली, "तीन महिने, मालूताई! रोज रडत घरी जात होते मी."

मालूताई स्वतःच केबिनमध्ये गेल्या. सरांनी लिहून मागितलं. "तुमी लिवा, मी सही करते," त्या म्हणाल्या. सरांनी सही घेतली, फ्रीझरची किल्लीही घेतली. मनस्वीचा निर्णय पुढे ढकलला. नव्या पावडरीने चाचणी पुन्हा करायची ठरली. मालूताईंचं काय, ते वरच्यांना विचारून कळवणार होते.

"त्या परत ठेवलेल्या नळ्या वेगळ्या काढा," सर म्हणाले.

मालूताईंनी रॅक न्याहाळला. सगळ्या नळ्या सारख्याच दिसत होत्या.

"वळखू येत नाय, सर."

"मग सगळ्याच टाका."

त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं आणि एकेक नळी आत सोडायला सुरुवात केली. त्यात चांगल्याही होत्या.