बेअरिंगमधलं कुंकू
झेंडू आणि कुंकवाचा एकत्र वास आला, की मला रबाळ्यातली ती कंपनी आठवते. मसाले वाळवायच्या मशीनचा पंखा तिथे भन्नाट वेगाने फिरायचा आणि आतल्या उष्णतेने बेअरिंगचं ग्रीस वितळून मालावर टपकायचं, म्हणून ग्रीसऐवजी कोरडी पावडर निवडायचं काम मालकांनी माझ्यावर टाकलं. आधी ग्रॅफाइटची पावडर वापरून पाहिली, पण तिला हवेतला थोडा ओलावा लागतो, त्या कोरड्या धगीत ती काही टिकेना. शेवटी मी मॉलीची, म्हणजे ओलाव्याशिवाय चालणाऱ्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पावडर आणली आणि पंखा गुमान फिरायला लागला. खंडेनवमीला पूजेसाठी मशीन पुसताना बेअरिंगचं झाकण काढलेलं होतं. मालकांच्या आई आल्या, त्यांनी हार घातला आणि "मशीनचा खरा जीव हितंच हाय ना?" म्हणत उघड्या बेअरिंगवर मूठभर कुंकू उधळलं. दसऱ्यानंतर मशीन चालू करण्याआधी मी ते साफ करायला गेलो, तर मालक खेकसले, "पूजेचं कुंकू पुसतोस? तसंच चालू कर!" तासाभरात पंखा किंचाळला आणि जाम झाला. बेअरिंग उघडलं, तर काळ्या पावडरीत लाल थर जळून बसलेला. मालकांनी कडेचं चिमूटभर कुंकू बोटावर घेतलं, भक्तिभावाने कपाळाला लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझी पावडर फेल गेली." लगेच परत ग्रीस आलं. आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. मशीनच्या पूजेला सगळे डोळे मिटून हात जोडतात, आणि मी डोळे उघडे ठेवून झाकणाकडे बघत उभा असतो.