उतारावरचा मास्तर

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमाराला मी जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या एका कारखान्यात उमेदवारी करत होतो. एका रविवारी बर्फ बघायला म्हणून आल्प्सला निघालो. आगगाडीत समोर एक जर्मन जोडपं होतं. बायको आयुष्यात पहिल्यांदा स्कीवर उभी राहणार होती आणि नवरा तिला शिकवणार होता. गाडीभर त्याचं प्रवचन चाललं. दर वाक्याआधी ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, म्हणून तो बोट उंचावायचा आणि ती बिचारी मान डोलवायची.

डोंगरावर या मास्तराने तिला थेट वरच्या उतारावर नेलं. “गुडघे वाकव! घाबरतेस काय?” एवढं ओरडून तो स्वतः झोकात खाली गेला आणि आपल्याकडे कोण कोण बघतंय ते बघत उभा राहिला. ती निघाली आणि दहा पावलांत कोसळली. पाय चांगलाच मुरगळला होता. मी जवळ होतो म्हणून तिला उठवून बसवलं. तो सावकाश वर आला, वाकला आणि तिच्या पायातली लाकडी स्की सोडवून न्याहाळू लागला.

“नशीब! तडा नाही गेला.”

ती कसनुसं हसून मला म्हणाली, “त्याची आहे ना. फार जपतो.”

तिला आधार देत मी खाली आणलं. स्की खांद्यावर टाकून तो पुढे चालला होता. खाली पोचल्यावर त्याने मला विचारलं, “तुम्हाला शिकायचंय? मी छान शिकवतो.”

त्याला चार शब्द सुनावायला हवे होते. मी नुसतं “नको” म्हणालो, तेही हसून. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.