तलावाच्या पाळीवरून

साकोलीच्या कॉलेजात मला सेमिनार द्यायचा होता. विषय : द्वेषातून होणारे गुन्हे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. व्याख्या पाठ केली की झालं, असं वाटलं होतं.

सरांनी विचारलं, "कोणी बसस्टँडच्या बाकावर नाव कोरतं, कोणी एखाद्या वस्तीच्या बोर्डाला काळं फासतं. नुकसान दोन्हीकडे. मग फरक काय?"

मी पाठ केलेली व्याख्याच परत म्हटली. त्याच आठवड्यात आमच्या बौद्ध वस्तीच्या बोर्डाला कोणीतरी काळं फासलं होतं. सरांना ते माहीत नव्हतं, आणि मीही बोलले नाही. सरांनी सोमवारपर्यंत वेळ दिला.

रविवारी मी आईसोबत भाताच्या रोवणीला, रोपं लावायला गेले. नेहमीचा रस्ता चौकातून, बोर्डाजवळून जातो. पण आई आणि वस्तीतल्या सगळ्या बायका तलावाच्या पाळीवरून निघाल्या. दुप्पट अंतर, त्यात घसरण. कोणी कोणाला कारण विचारलं नाही.

शेताची मालकीण, वस्तीबाहेरच्या, गावातल्या शेतकऱ्याघरची काकू, बांधावर उभीच होती. "का वो, गोंदियावरून फिरून आल्या काय? चार दिवस झाले, रोजचाच उशीर!"

आई हळूच म्हणाली, "चौकातून याले भेव वाटते बाई. आज बोर्ड, उद्या का करतीन?"

काकू बांधावरून खाली उतरली. मग म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं? चाल, जातानी मी येतो संग. अन् तक्रार देली का नाही?"

"देली."

"मंग भेता कायले!"

त्या दिवशी रोवणी संपली. शेवटच्या दिवशी मालकिणीला चिखल लावल्याशिवाय आमच्याकडे बायका सोडत नाहीत. काकू पळाली, घसरली, आणि आईच्याच हाती सापडली. तशीच चिखलाने माखलेली ती सगळ्यांच्या पुढे चौकातून चालली, मोठमोठ्याने बोलत. पानठेल्यावरचे लोक बघत राहिले.

सोमवारी वर्गात उभी राहिले. वहीत 'एका गावात' लिहिलं होतं. तोंडून निघालं, "आमच्या वस्तीत."

"बाकावर नाव कोरलं तरी लोक त्यावर बसतात, सर. आमच्या बोर्डाला काळं फासलं, आणि सगळ्या बायकांनी रस्ता बदलला."

सर म्हणाले, "मग?"

मग मी काकू कशी घसरली आणि तशीच आमच्या पुढे चौकातून कशी चालली ते सांगितलं. सगळे हसले, सरही. माझ्या नखांत अजून चिखल होता. मी हात लपवला नाही.