बदामाचा डाव आणि नारायणगावचा ब्रिज

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी मंचरला एका सहकारी संस्थेच्या मुख्य कचेरीत कॉम्प्युटर बघायला लागले. 'बघायला' हाच शब्द सगळे वापरायचे. पाव्हणे आले की मोठे साहेब माझ्याकडे बोट दाखवून "ही आपल्याकडं कॉम्प्युटर बघती," म्हणायचे, जशी काही मी गोठ्यातली गुरंच बघत होते.

संस्था खतं, बियाणं आणि प्लास्टिकचे क्रेट विकायची. टोमॅटोचा बाजार नारायणगावला, म्हणून तिथं आमची मोठी शाखा होती. दोन्ही कचेऱ्यांच्या मधे भाड्यानं घेतलेली टेलिफोनची लाइन होती आणि लाइनच्या दोन्ही टोकांना एकेक ब्रिज होता. ब्रिज म्हणजे दिवे लुकलुकणारा एक चपटा डबा. तिकडची बिलं इकडं आणि इकडचे भाव तिकडं, सगळं त्या डब्यांतून जायचं. माझ्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं. त्यातून मंचरच्या खुर्चीवरून न उठता नारायणगावच्या डब्याला हुकूम सोडता येत असे. पडद्यावर दोन चौकोन दिसायचे. हिरवा असला की सगळं ठीक, लाल झाला की बोंब.

त्या हुकमांतला मला सगळ्यांत आवडणारा हुकूम फिल्टरचा. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक नेटवर्क कार्ड असतं आणि त्या कार्डावर कारखान्यातच घातलेला नंबर असतो. तो नंबर फिल्टरमध्ये टाकला की ब्रिज त्या कॉम्प्युटरचं काहीच पलीकडं जाऊ देत नाही. नोंद काढली की पुन्हा रस्ता मोकळा. एवढी सत्ता मला घरात कधी मिळाली नव्हती.

एक दिवस मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दुपारी लाइन फार मंद चालते, जरा बघ, म्हणाले. आवाजात काळजी होती. मी त्याच दुपारी सॉफ्टवेअर उघडून बसले आणि लाइनवर कोण कोणाशी बोलतंय ते पाहिलं. चार नंबर एकमेकांशी सारखे बोलत होते. नारायणगावच्या शाखाप्रमुखांचा, तिथल्याच गोडाऊन कीपरचा आणि आमच्या कॅशियरबाईंचा, हे तीन मी लगेच ओळखले. चौथा नंबर मी दोनदा ताडून पाहिला. तो साहेबांच्या केबिनचा होता.

मी उगाच एक फाइल घेऊन केबिनच्या दारावरून गेले. साहेब पडद्याकडे एकटक बघत होते आणि त्यांच्या चष्म्यात पत्ते दिसत होते.

कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेला तो पत्त्यांचा खेळ होता. चौघांनी आपापल्या कचेरीत बसून खेळायचा. ज्याच्या वाट्याला बदाम आणि इस्पिकची राणी येईल तो हरला, म्हणून सगळे त्याला नुसतं 'बदाम' म्हणायचे. दुपारी बाजार उठला की नारायणगावहून दिवसभराची बिलं यायला लागायची, आणि नेमकी तीच वेळ या चौघांच्या डावाची. पत्त्यांमुळे बिलं अडत नव्हती. बिलांमुळे पत्ते अडत होते, आणि साहेबांची तक्रार तीच होती.

आता हे साहेबांना कसं सांगायचं? लाइन तुमच्यामुळेच मंद वाटते, असं नवीन लागलेल्या पोरीनं म्हणायचं? शिवाय कॅशियरबाई माझ्या लाडक्या. त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी रोज खायची. मी साहेबांना सांगितलं की दुपारी लाइनवर दाब येतो, मी लक्ष ठेवते. आणि खरंच लक्ष ठेवायला लागले.

कॅशियरबाई काचेच्या पलीकडे माझ्यासमोरच बसत. पानं चांगली आली की त्या पदर खोचून खुर्चीत सरळ व्हायच्या. पदर खोचला गेला की मी त्यांचा नंबर नारायणगावच्या ब्रिजच्या फिल्टरमध्ये टाकायची. दोन मिनिटांत त्या डावातून बाहेर पडायच्या आणि त्यांची सुरेख पानं कॉम्प्युटर स्वतःच खेळून वाया घालवायचा. मग मी नोंद काढून टाकायची आणि चहाला जायची.

पत्ते शाखाप्रमुखांच्या मशीनवरून वाटले जात, त्यामुळे बाईंचा सगळा संशय त्यांच्यावर. त्यांनी नारायणगावला फोन लावून त्यांना चांगलं सुनावलं, की मी जिंकायला लागले की तुम्ही मला बाहेर काढता. शाखाप्रमुख मिशीवाले, सरळ, पन्नाशीचे गृहस्थ. खताच्या हिशोबात चूक काढली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, पण पत्त्यांत लबाडी केली म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस मुख्य कचेरीचा फोनच घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मी गंमत म्हणून त्यांचाच नंबर अडवला, तेव्हा इकडचे दोघं एकदम बाहेर पडले आणि साहेब केबिनमधून बाहेर आले.

"लाइन गेली का आत्ता?"

"नाही साहेब, बिलं येतायत की. तुमचं काही अडलंय का?"

"नाही, नाही. सहज," म्हणाले आणि आत गेले.

अशी पंधरा-वीस दिवस माझी चैन चालली. मग शाखाप्रमुख स्वतः मंचरला आले, सोबत टोमॅटोचा एक क्रेट घेऊन. समेटासाठी आलो म्हणाले. क्रेट बाईंच्या टेबलाखाली सरकवला आणि माझ्याकडे येऊन बसले. ताई, हे ब्रिज म्हणजे नक्की काय असतं, आमाला काय कळत न्हाई, असं इतक्या भोळेपणानं विचारलं की माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी कागदावर चित्र काढून त्यांना सगळं समजावलं. फिल्टर सांगितला, कार्डाचा नंबर सांगितला. कार्ड काढून दुसऱ्या कॉम्प्युटरात घातलं तर नंबर कार्डाबरोबरच जातो, हेसुद्धा न विचारता सांगितलं. ते मान हलवत होते आणि बाई शेजारी उभ्या राहून टोमॅटो पुसत होत्या. माझ्या शिकवण्यावर मी खूश होते.

त्यानंतर मी भाताच्या आवणीसाठी तळेघरला माहेरी गेले. चिखलात वाकून रोपं लावताना मला ब्रिजची आठवणही आली नाही. परत यायला एसटी मिळेना, म्हणून मुक्काम दोन दिवस लांबला. इकडं मंचरला त्या सगळ्या दिवसांत एकदाही डाव मोडला नव्हता. हे चौघांच्या लक्षात आलं, पण मला कुणी बोललं नाही. उलट परतल्यावर बाईंनी माझ्यासाठी डब्यात जास्तीची चटणी आणली होती.

पहिल्याच दुपारी बाईंनी पदर खोचला. मी नेहमीसारखा त्यांचा नंबर फिल्टरमध्ये टाकला. नोंद गेली. आणि त्याच क्षणी माझ्या पडद्यावरचा नारायणगावचा चौकोन लाल झाला. मी नोंद काढायला गेले तर ब्रिज उत्तरच देईना. बाई समोर खाली मान घालून बसलेल्या. डाव मोडला असणार असं मी धरलं, पण माझी पाचावर धारण बसली. डबा मेला की काय?

मी नारायणगावला फोन केला. गोडाऊन कीपर म्हणाला, दिवे लुकलुकतायत. साहेबांच्या केबिनमध्ये बिलं येत होती. बाईंकडं मी विचारायला गेलेच नाही. फक्त माझ्याच मशीनशी ब्रिज बोलत नव्हता. डबा बंद करून चालू करायला सांगितला, तरी तेच, कारण फिल्टरच्या नोंदी त्याच्या पोटात पक्क्या राहायच्या. शेवटी मी पर्समध्ये केबल टाकली, साहेबांना सांगितलं की जाऊन डब्याला थेट जोडून बघावं लागेल, आणि मंचरच्या चौकात वडापच्या जीपमध्ये बसले. कळंबला जीप पुढची सीट भरेपर्यंत बराच वेळ उभी राहिली. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची पिशवी होती आणि मनात एकच विचार, महागाचा डबा माझ्या हातून गेला तर पगारातून कापतील का.

शाखेत शिरले तर शाखाप्रमुख दारातच उभे. आधी चहा घ्या, डबा कुठं पळून जात न्हाई, म्हणाले. ब्रिजला केबलनं जोडायला मला एखादा कॉम्प्युटर हवा होता. गोडाऊन कीपरचा सगळ्यांत जवळ होता, म्हणून मी त्याला उठायला सांगितलं.

"जरा थांबा ताई," तो म्हणाला, "एवढा हात संपू द्या."

मी त्याच्या पडद्याकडे पाहिलं. डाव रंगात आला होता. आणि त्या डावात कॅशियरबाई होत्या. ज्या बाईंना मी दुपारीच बंद केलं होतं, त्या मंचरहून खुशाल बदाम टाकत होत्या. मी तशीच केबल हातात धरून उभी राहिले.

शाखाप्रमुखांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि हळूच विचारलं, "ताई, तुमचं कार्ड सध्या कुणाच्या पोटात हाय, ते बगितलं का?"

मग उजेड पडला. मी तळेघरला असताना पुण्याहून मेंटेनन्सचा माणूस मशीनं पुसायला आला होता. बाईंनी त्याला सांगितलं होतं, मॅडमनी निरोप ठेवलाय, या दोन कॉम्प्युटरांची कार्डं आपसांत बदला, माझं जरा गरम होतं. त्यानं बिचाऱ्यानं बदलली. म्हणजे बाईंचा म्हणून मी अडवलेला नंबर आता माझ्याच मशीनच्या पोटात होता. मी स्वतःच्या हातानं स्वतःला बंद केलं होतं, आणि दार उघडायची किल्ली आत ठेवून.

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. गोडाऊन कीपरनं पाण्याचा तांब्या आणून दिला.

मी केबल लावून नोंद काढली. शाखाप्रमुखांनी अट घातली की यापुढं डाव मोडायचा नाही. मी उलटी अट घातली की बिलं जायच्या वेळी डाव मांडायचा नाही, पाचनंतर काय ते. ते म्हणाले, आमाला मान्य, पण साहेबांना कोण सांगणार? मी म्हटलं, तुम्ही रोज त्यांच्या गळ्यात इस्पिकची राणी घालता, तर हेही तुम्हीच घाला.

त्यांनी फोन केला असावा. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलापाशी येऊन थांबले. मी तेव्हा चारही नंबर फिल्टरमध्ये घालत होते. ते कामाच्या मशीनचे नंबर, सगळं बंद करून चालणार नव्हतं, म्हणून फक्त खेळ अडेल अशी नोंद शोधायला मला सकाळभर मॅन्युअल चाळावं लागलं होतं.

"माझाही घातलाय?" साहेबांनी विचारलं.

"पहिला तुमचाच, साहेब."

"बरं केलं. न्हाईतर मीच आधी बसलो असतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी नोंदी काढायचं आणि सकाळी परत घालायचं काम माझ्याकडे आलं. पाच वाजत आले की बाई घड्याळाकडे नाही, माझ्या हाताकडे बघायच्या. कार्ड मात्र त्यांनी मला परत दिलं नाही. तुझं लई चांगलं लागलंय, म्हणाल्या.

एकदा साहेबांना बैठकीसाठी पुण्याला जावं लागलं. डावाला चौथा हवा, माझ्या जागी तू बस, असं ते मला निघताना सांगून गेले. मी केबिनमध्ये त्यांच्या खुर्चीवर बसले. खेळाचं मला ओ की ठो कळत नव्हतं. पडद्यावर माझं नाव 'साहेब' दिसत होतं आणि प्रत्येक डावाला इस्पिकची राणी येऊन माझ्याच पदरात पडत होती. थोड्या वेळानं मला त्यातच मजा यायला लागली. मी बदाम तर मुद्दाम उचलू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शाखाप्रमुखांचा साहेबांना फोन आला. साहेब, काल लई मोठ्या मनानं खेळलात, म्हणाले. गोडाऊन कीपरनंही फोन हातात घेऊन आभार मानले. बाई तर पेढे घेऊन केबिनमध्ये गेल्या. साहेब सगळ्यांचं ऐकून घेऊन माझ्याकडे आले आणि किती हरलो ते विचारलं. मी आकडा सांगितला.

"मी पुण्याला असलो की माझ्या नंबराला दिवसरात्र फिल्टर लावत जा," ते म्हणाले.

हो साहेब, म्हटलं मी. लावला मात्र नाही.